निळ्या भिंतीचा सत्कार

भोंडल्याच्या हॉलमध्ये त्या बाईंनी माझ्या लेकीच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि मी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या बाई म्हणजे आमच्या शारजातल्या मराठी ग्रुपच्या सर्वेसर्वा. नवरात्रातला भोंडला त्यांच्याच बिल्डिंगच्या हॉलमध्ये असतो. मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती नटून-थटून आम्ही सगळ्या आणि भिंतीकडेला खिरापतीचे झाकलेले डबे. या बाई उन्हाळ्याच्या आणि मार्चच्या सुट्टीत इथल्या शाळकरी मुलांना ग्वाटेमालाला ‘सेवेला’ पाठवतात. तिथल्या एका खेड्यातली शाळा रंगवायची, फोटो काढायचे, सर्टिफिकेट घेऊन यायचं. कॉलेजच्या अर्जाला वजन येतं म्हणे! मी एकदा म्हटलं होतं, “अहो, सेवाच करायची तर दुबईतलं मुहैस्नाह, आपलं सोनापूर हो, काय लांब आहे? एवढे लेबर कॅम्प पडलेत तिथे.” तर हसून म्हणाल्या, “वहिनी, सोनापूरचा फोटो ॲडमिशनला चालत नाही हो.”

शी! पण लेकीला स्पॅनिशचं भारी वेड. कुणाशी तरी खरंखुरं स्पॅनिश बोलायला मिळेल म्हणून ती नाचत गेली, आणि परत आली ती तोंडात मिठाची गुळणी धरून. एका संध्याकाळी मी तिला क्लासवरून आणत होते. इंडस्ट्रियल एरियाच्या सिग्नलला ट्रकांच्या मागे अडकलो होतो, तेव्हा एकदम म्हणाली, “आई, दे स्क्रेप इट ऑफ.”

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. रंगकाम चालू म्हणून वर्गाला कुलूप, मुलं बाहेर पत्र्याखाली. पाऊस आला की त्या पत्र्याच्या आवाजात तिथल्या शिक्षिकेचं शिकवणं ऐकूच यायचं नाही. दोन वेण्यांची एक चिमुरडी रोज सकाळी दप्तर पाठीला लावून दाराशी उभी राहायची आणि गाइडला विचारायची, आज आत बसायचं का? तो म्हणायचा, “मान्याना.” म्हणजे उद्या. इथे शारजात ऑफिसात ‘बुक्रा, इन्शाल्ला’ म्हणतात ना, तसंच.

शेवटच्या दिवशी भिंत झाली. छान निळी. ग्रुप फोटो झाला, टाळ्या झाल्या, खलास. जेवण झाल्यावर माझी लेक विसरलेली बाटली आणायला परत गेली, तर दोन माणसं लोखंडी पट्ट्या घेऊन तोच निळा रंग खरवडत होती. गाइड म्हणाला, सोमवारी दुसरा ग्रुप येतोय, त्यांना रंगवायला भिंत नको का? आणि ती चिमुरडी तिथेच उभी होती. या वेळी तिने गाइडला नाही, माझ्या लेकीला विचारलं.

“मग तू काय म्हणालीस?”

“आय सेड मान्याना,” ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला चालला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन त्या बाईंना फोन लावला. “अहो वहिनी, तो लोकल पार्टनर आहे, आपण काय करणार?” त्यांचा आवाज अगदी साजूक तुपातला. “भोंडल्याला तिचा सत्कार ठेवलाय, चार गोड शब्द बोलू दे तिला. मार्चची बॅच भरायचीय.” लाज कोळून प्यायलेली बाई! लेकीला म्हटलं, जायचं की नाही ते तू ठरव. ती म्हणाली, “आय वॉन्ट टू गो. त्या बॅचला सांगायचंय.”

तर शाल-नारळ झाल्यावर बाईंनी माइक तिच्या हातात दिला. माझ्याशीसुद्धा इंग्लिशमध्ये बोलणारी ही पोरगी, तिने नारळ हत्तीच्या पाटावर ठेवला आणि अडखळत मराठीत बोलली. “तिथे रंग खरवडतात. परत परत. आपल्याला रंगवायला मिळावं म्हणून. मुलं बाहेर बसतात. प्लीज, मार्चला कोणी जाऊ नका. मग ते वर्ग उघडतील.”

पुढच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, लागलं कुठेतरी. एवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, “पण सर्टिफिकेट देतात ना?”

“अहो, देतात म्हणजे काय! शिक्क्यासकट,” सर्वेसर्वा बाईंनी माइक परत घेतला. “आणि बघा, मुली कशा धीट होऊन येतात! मार्चसाठी कोण कोण?” पटापट हात वर झाले. मग टाळ्या, मग “चला गं, खिरापत ओळखा.” गोड की तिखट, कोरडी की ओली, सगळ्या ओरडायला लागल्या. मी शाल घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि लेकीचा हात धरून बाहेर आले.

लिफ्टमध्ये तिने विचारलं, “आई, विल दे स्टिल गो?”

बघू उद्या, असं अगदी ओठांवर आलं होतं.

“जातील,” मी म्हटलं.