आई मला जे बोलल्या होत्या

सासूबाई ते बोलल्या तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. जमिनीवर पेपर पसरून सुका जवळा निवडत होतो. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा महिनाभर मशीनवर राहून आदल्या दिवशी गेले होते, त्यांचाच विषय चालला होता. मान वर न करता आई म्हणाल्या, "माझ्या घशात ती नळी घालू देऊ नकोस हां. दम लागला तर लागू दे. घरी ठेवा मला."

"काहीतरीच काय आई!" म्हणत मी विषय बदलला. नवऱ्याला सांगायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी टाळलं. त्याच्या आईच्या मरणाची गोष्ट त्याच्यासमोर कशाला काढा?

त्यानंतर दीडेक वर्षाने आईंना न्यूमोनिया झाला. वय ऐंशीच्या पुढे, फुप्फुसं आधीच थकलेली. हाटकेशमधल्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात त्यांना आयसीयूत ठेवलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बाहेर बोलावलं.

"मास्क से नहीं हो रहा. व्हेंटिलेटर पे लेना पडेगा. जल्दी डिसाइड करो."

"वाचेल ना ती?" नवऱ्याने मराठीतच विचारलं.

"एज बहोत है. कोशिश करेंगे."

मग त्याने आवाज खाली करून रोजचा खर्च विचारला. उत्तर ऐकून तो भिंतीकडे बघत राहिला. मेडिक्लेम संपत आला होता.

मला तेव्हाच बोलायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याच क्षणी माझ्या मनात बारावीतल्या लेकीची पुढच्या वर्षीची फी येऊन गेली. हॉस्पिटलचा आकडा आणि तो आकडा मी शेजारी शेजारी ठेवले होते, आणि ते माझं मलाच दिसलं. मी घाबरले. आता बोलले तर ते आईंचं म्हणणं असेल की माझं? एवढ्यात नवऱ्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांसाठी आत सोडलं. नळी ओढू नये म्हणून आईंचे दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधले होते. मी हात लावला तशी त्यांची बोटं हलली. मी बाहेर आले ती जिन्यातच बसले. वर जाववेना, घरी जाववेना.

मोठी नणंद पेणकरपाड्याहून रोज यायची. तिने पाटल्या मोडून भावाला पैसे आणून दिले, त्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. औषधांच्या दुकानासमोर तिला थांबवलं.

"ताई, आईंना हे नको होतं. मला बोलल्या होत्या."

"कधी?"

"दीड वर्ष झालं."

"आणि आज आठवलं? बिल वाढल्यावर?" आजूबाजूचे लोक बघायला लागले. "पाटल्या गेल्या तर गेल्या. माझ्या आईला मी अशी सोडणार नाही."

पुन्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही. नवऱ्याला काहीच कळलं नाही. तो पीएफचा अर्ज, पतपेढीचं कर्ज यांतच धावत होता.

नळी घातल्यापासून नवव्या दिवशी, दुपारी, आई गेल्या. हात तोवर बांधलेलेच होते.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर नणंद माझ्यासोबत ताटं पुसत होती. एकदम म्हणाली, "तुला नक्की काय बोललेली ती?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, जवळ्यासकट. ती तेच ताट परत परत पुसत राहिली.

"मलापण बोललेली," ती म्हणाली. "माझ्याकडे राहायला आलेली तेव्हा. घरी ठेवा मला, हेच."

"मग ताई, तुम्ही त्या दिवशी..."

"मुलगी ना मी! आईला मशीन लावू नका, असं मी कुठल्या तोंडाने बोलू? आणि तू बोललीस तेव्हा वाटलं, मी नाही बोलले आणि ही कशी बोलते. राग आला तुझा." ताट रॅकमध्ये ठेवून ती म्हणाली, "त्याला सांगू नको हां. सहन नाही व्हायचं त्याला."

मी अजून सांगितलेलं नाही. कोणी भेटायला आलं की नवरा म्हणतो, "आईला आम्ही काही कमी पडू दिलं नाही." महिन्याला कर्जाचा हप्ता कापल्याचा मेसेज येतो, तेव्हाही तो हेच म्हणतो, स्वतःशीच. आणि मी कामात काम काढते. डबे पुसते, पुसलेले परत पुसते.

गेल्या रविवारी चहा पिता पिता त्याने विचारलं, "तिला कळलं असेल ना गं, आपण सगळं केलं ते?"

"हो," मी म्हटलं, आणि वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. कपडे अजून ओलेच होते. तरी काढले.