कॅम्पच्या रिकाम्या हॉलमधलं गाणं

या ग्रुपवरचे अनुभव मी नुसते वाचते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. भूत-बित, आत्मा-बित काही मी मानत नाही. माझ्या सासूबाई अमावस्येला प्रवास करू नको म्हणतात, तेव्हाही मी मुद्दाम निघते. तरीही हे लिहितेय… कारण घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

मी मेलबर्नमध्ये टार्निटला राहते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डँडेनॉन्गच्याही पुढे डोंगरात, ज्यू मुलांचा निवासी समर कॅम्प होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं तिथे राहायला यायची. मी युनिव्हर्सिटीत असताना भांडी घासायला म्हणून लागले आणि पुढे त्यांचं किचन सांभाळू लागले. त्यांच्या धर्माच्या नियमाने दूध वेगळं, मटण वेगळं, भांडीसुद्धा वेगळी. आजीचं सोवळं पाहिलेलं असल्यामुळे मला ते कधी जड गेलं नाही.

कॅम्प चालवायची रूथ. सत्तरीची होती, पण इथे सगळे नावानेच हाक मारतात. ती म्हणायची, "मेधा, इथे आमची मुलं एकमेकांना सापडतात. शाळेत वर्गात एकटंच असलेलं पोर इथे एकटं नसतं."

कोविडमध्ये उन्हाळा आला आणि कॅम्प झालाच नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा लॉकडाऊन. तोवर रूथला कॅन्सर निघाला होता. तरी अंथरुणातून ती जुन्या मुलांना (आता त्यातले काही आजोबा झालेत!) फोन करायची, "कॅम्प वाचवा." सगळे प्रेमाने बोलायचे. पण ज्याचं त्याचंच बुडत होतं… शेवटी कमिटीने जागा सोडायचं ठरवलं.

एका शुक्रवारी दुपारी, लॉकडाऊनमधलं कामाचं परमिट घेऊन, मी किचन बंद करायला गेले. गॅस बंद केला, कोल्डरूम बंद केली. तिची घरघर थांबली तशी इतकी शांतता पसरली की माझे बूट मलाच मोठ्याने वाजल्यासारखे वाटले. रूथने सांगितलं होतं, "जाताना एकदा हॉल दाखव." म्हणून व्हिडिओ कॉल लावला.

स्क्रीनवर रूथचा चेहरा उशीइतकाच पांढरा. मी फोन फिरवून जेवणाचा हॉल दाखवला. टेबलं भिंतीला उभी करून ठेवलेली, खिडक्या बंद. ती एकदम म्हणाली,

"मेधा, मुलं कशी आली गं? लॉकडाऊन आहे ना?"

"कुठली मुलं, रूथ?"

"ही काय, गातायत!"

मला वाटलं, औषधाची गुंगी. तेवढ्यात तिची मुलगी डाना फोनवर आली. जरा चिडूनच म्हणाली, "मेधा, ते रेकॉर्डिंग बंद कर. आईला त्रास होतोय."

"मी काहीच लावलेलं नाहीये, डाना."

ती हळू आवाजात म्हणाली, "मग टेबलं कोण वाजवतंय?"

दर शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाआधी मुलं टेबलं बडवून गायची. पण माझ्या कानाला काही नाही… काहीच नाही! मी हॉलच्या मधोमध फोन वर धरून उभी. डाना रडत होती. आणि रूथ गायला लागली होती, पांघरुणावर बोटांनी ठेका धरून. मधेच थांबायची, जणू पुढची ओळ पोरांची आहे… मग पुन्हा उचलायची.

मग म्हणाली, "मुलं बसली जेवायला. आज काय केलंस?"

मागे किचन धुऊन पुसून रिकामं. मी म्हटलं, "चिकन सूप. आणि तो वेणी घातलेला पाव."

"पुरेल ना सगळ्यांना?"

"पुरेल, रूथ."

ती हसली. "मग ठेव फोन. मुलं भुकेली आहेत."

पुढचा शुक्रवार तिने पाहिला नाही. दफनाला मोजकीच माणसं चालणार होती. मी घरी सोफ्यावर बसून लॅपटॉपवर पाहिलं, मधेच नेट गेलं, परत आलं तोवर सगळं आटोपलं होतं.

माझा नवरा ऑडिओ इंजिनिअर आहे. म्हणतो, "अगं, एको असेल, नाहीतर दुसऱ्या कॉलचा आवाज मिसळला असेल." मी विचारलं, त्याच गाण्याचा? शुक्रवारीच?

किल्ल्या द्यायच्या दिवशी मी एकटीच पुन्हा त्या हॉलमध्ये उभी राहिले आणि डानाला फोन लावला.

"काही ऐकू येतंय?"

ती म्हणाली, "नाही."

तरी आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही. बाहेर जागा घेणाऱ्याचा माणूस हॉर्न वाजवत होता, तो मात्र डानाला स्पष्ट ऐकू आला.