गेटपास नसलेला डफ

मालतीबाई बिलोलीकरांच्या शेजारच्या टेबलावर मी सात वर्षं बसलो. त्यातली शेवटची चार वर्षं आम्हा दोघांनाही काही काम नव्हतं.

हैदराबादच्या पूर्वेला, वस्ती संपल्यावर लागणाऱ्या माळावर आमचा सरकारी कारखाना होता. पाटबंधारे खात्याला लागणारे मोठे पंप आम्ही बनवायचो. एक्क्याण्णवनंतर बाहेरच्या कंपन्या आल्या, निविदा सगळ्यांना खुल्या झाल्या आणि दोन वर्षांत आमच्याकडे ऑर्डर येणंच थांबलं. कारखाना मात्र बंद झाला नाही. बंद करायला दिल्लीची परवानगी हवी होती आणि चालवायला भांडवल. दोन्ही येत नव्हतं, म्हणून आम्ही रोज जात होतो. आठला मस्टरवर सही, सव्वाआठला फाटक बंद, ते साडेचारला उघडायचं. मधे बाहेर पडायचं तर गेटपास लागे आणि त्यावर कारण लिहावं लागे. काम नाही, हे कारण चालत नसे.

मालतीबाई ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं, हे त्यांचं काम. एकविसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या. लांब रेघ ओढताना त्या श्वास धरून ठेवत आणि रेघ संपली की हळूच सोडत. चुकलेली शाई ब्लेडने खरवडायची असते. इतरांना महिन्याला ब्लेड लागे, त्यांना वर्षाला एक पुरे. काम होतं तोवर त्यांच्या बोर्डाशी इंजिनिअर रांग लावून उभे राहायचे. नंतर त्या दिवसभर पेन्सिलींना टोक काढत बसू लागल्या. जुनीच ड्रॉइंगं पुन्हा उतरवायला घेतली, तर साहेबांनी कागद कुलपात टाकला. फुकट खर्च नको म्हणून.

चौऱ्याण्णव साली त्यांना एका शाळेत चित्रकला शिकवायला बोलावलं होतं. त्यांना जायचं होतं. पण घरी मधुकरराव, त्यांचे यजमान, कोर्टात हेडक्लार्क होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेलेल्या. सरकारी नोकरी सोडतात का कुणी, एवढंच ते म्हणाले आणि विषय संपला. चिक्कडपल्लीत दोन खोल्यांचं घर, सासूबाई मालनबाई, मूलबाळ नाही. पहाटे साडेपाचला उठून दोन वेळचं करून ठेवायचं, कंपनीच्या बसने कारखान्यात जायचं, आठ तास बसायचं आणि परत यायचं. एकदा बसमध्ये त्या मला म्हणाल्या होत्या, "हेमंत, घरी काम संपत नाही आणि इथे सुरू होत नाही. दोन्हीकडे बसूनच राहिल्यासारखं वाटतं."

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला की गेस्टहाउसमधल्या सामानाची यादी करा, लिलाव करायचाय. हे काम आम्हा दोघांना मिळालं. चौदा लोखंडी खाटा, एकोणीस गाद्या, फुटके कप. एका कपाटात कापडी पिशवी सापडली. त्यात एक मोठा डफ होता. हातभर व्यासाचं लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, आतून आडवी पट्टी. सोबत दोन्ही टोकांना गोल केलेली वीतभर काठी, एक कॅसेट आणि पातळ पुस्तिका. तेव्हा मालतीबाईंना आठवलं की मी लागायच्या आधी, एकोणनव्वदमध्ये, आयर्लंडचा एक इंजिनिअर नऊ महिने इथे राहून गेला होता. त्याचंच विसरलेलं सामान. पुस्तिकेवर वाद्याचं नाव होतं. आम्ही अक्षरं लावून ते 'बोधरान' असं वाचलं. खरा उच्चार 'बौरान' असा काहीसा आहे, हे मला फार पुढे कळलं.

यादीत मी लिहिलं, 'डफ, परदेशी, नग एक.' भांडारवाल्याने सांगितलं की इथे हा नग उंदीर खातील, तुमच्याच खात्यात ठेवा, लिलावाच्या दिवशी आणून द्या. फाटकाबाहेर मात्र न्यायचा नाही. ती कंपनीची मालमत्ता. लिलावाची तारीख काही ठरली नाही. डफ मालतीबाईंच्या बोर्डाला टेकून राहिला.

आठवडाभर त्यांनी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी, वेळ घालवायला मी खात्यात आणून ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी कॅसेट लावली. एकाच हातात एकच काठी, तरी आवाज असा धावत होता की दोन माणसं वाजवताहेत असं वाटावं. त्यांनी ती बाजू तीन वेळा ऐकली. नंतर पुस्तिका उघडली आणि तिच्यातल्या हातांच्या आकृत्या बघत बसल्या.

डफ डाव्या मांडीवर उभा ठेवायचा, डावा हात मागून आत घालून कातड्यावर टेकवायचा. उजव्या हातात काठी पेनासारखी धरायची, पण टोक स्वतःकडे वळवून. मनगट असं हलवायचं की जणू ओल्या हाताचं पाणी झटकतोय. खाली एक ठोका, वर येताना दुसरा. पेनासारखी धरायची म्हटल्यावर मालतीबाईंना सोपं वाटलं. त्याच पकडीने तर त्यांनी चोवीस वर्षं काढली होती. आणि नेमकं तेच आडवं आलं. त्यांचं मनगट हलेचना. टक्, टक्, टक्. प्रत्येक ठोका रेघेसारखा मोजून, नेमक्या जागी, आणि मेलेला. वर येणारा ठोका तर लागायचाच नाही. मी बघायचो, त्या वाजवतानाही श्वास धरून ठेवत.

सहा मात्रांचं चलन त्यांना मोजता येत होतं. लहानपणी भजनाला बसलेल्या होत्या, दादरा कानात होता. पण मोजता येणं आणि वाजणं यांत महिने गेले. अंगठ्याला फोड आले. अंगठ्याला चिंधी बांधून त्या पुन्हा बसायच्या. सकाळी साडेनऊ ते बारा, मग डबा, मग दोन ते चार. मस्टरच्या वेळा होत्या तशाच त्यांच्या रियाजाच्या झाल्या. खात्यातले लोक आधी हसले, मग कंटाळले, मग खालच्या मजल्यावरच्या अकाउंट्सवाल्यांनी तक्रार केली. साहेबांनी डफ काढून घेतला नाही, कारण तो ठेवायचा कुठे हा प्रश्न होता. त्यांनी मालतीबाईंना पंप तपासायच्या शेडमध्ये बसायला सांगितलं.

ती शेड मोठी, पत्र्याची. मधे पाण्याचा कोरडा हौद. फाउंड्रीतले येल्लय्या तिथे झोपायला येत. पन्नाशीचे, अंबरपेठेत राहणारे. त्यांच्या घरात पिढीजात डप्पू, म्हणजे तिकडची हलगी, वाजवायचे, लग्नात आणि मयतीत. पहिले काही दिवस ते नुसते ऐकत पडून राहिले. मग एकदा दारापाशी उभे राहिले आणि म्हणाले की कातडं फार ताणलंय, पत्र्याच्या धगीने तडकेल, आतून ओला फडका फिरवा. पावसाच्या ओलीने सैल पडलं की विस्तवाजवळ धरा. मालतीबाईंनी डफ त्यांच्यापुढे धरला. ते घेईनात. बाईमाणसाच्या, त्यातून बामणाच्या हातातलं वाद्य कसं घ्यायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. शेवटी ते खाली बसल्यावर मालतीबाईंनीच तो त्यांच्या मांडीवर ठेवला, तेव्हा येल्लय्यांनी काठी घेऊन चारच ठोके मारले. शेड भरून गेली.

"अम्मा, तुम लकड़ी को पकड़ रै," ते म्हणाले. "पकड़े तो नई बजता. छोड़े तो बजता."

पुढचे दोन महिने मालतीबाई ते सोडणं शिकत होत्या. काठी निसटून हौदात पडायची, मी किंवा येल्लय्या उतरून आणायचो. आणि नोव्हेंबरात एका दुपारी वरचा ठोका लागला. त्यांनी मला बोलावून घेतलं. सहाची चाल त्यांनी चार-पाच मिनिटं न तुटता वाजवली, डावा हात आत सरकत होता आणि आवाज खोल-उथळ होत होता. थांबल्या तेव्हा कपाळावर घाम होता. त्यांनी घड्याळ बघितलं. बसची वेळ झाली होती.

घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पण बोटं ऐकेनात. भाजी निवडताना ताटाच्या कडेवर वाजू लागायची. मालनबाईंनी एकदा विचारलं, "काय करायलीस? घरातून कोणाला न्यायचं आहे का?" तो ठेका त्यांना डप्पूचा वाटला, आणि डप्पू म्हणजे तिरडीपुढचं वाद्य, एवढंच त्यांना माहीत. त्यानंतर मालतीबाई घरी हात पदराखाली ठेवू लागल्या.

सत्त्याण्णवमध्ये मी सुटलो. संध्याकाळी संगणकाचा कोर्स केला होता, एका नव्या कंपनीत लागलो. शेवटच्या दिवशी टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे ठेवला. मला अपराधी वाटत होतं, तेही त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "तू जा. तुझं वय आहे. मला आता निदान सकाळी बसमध्ये चढताना काहीतरी आठवतं."

पुढच्याच वर्षी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. जिची चार वर्षं वाट बघितली तीच. एकरकमी पैसे मिळणार होते, म्हणून मधुकररावांनी स्वतः फॉर्म आणला, भरला, सहीच्या जागी पेन्सिलीने खूण केली. मालतीबाईंनी सही केली नाही. आज करते, उद्या करते. मुदत गेली. मधुकरराव चिडले, मालनबाई बोलल्या, शेजाऱ्यांनी समजावलं. पैसा वाढवून मिळेल म्हणून थांबलीय, असा सगळ्यांनी समज करून घेतला. खरं कारण त्यांनी फक्त मला, फोनवर सांगितलं. सही केली असती तर दुसऱ्या दिवसापासून फाटकातून आत येता आलं नसतं, आणि डफ बाहेर येऊ शकत नव्हता. तेव्हा त्या चाराची चाल शिकत होत्या, ती भराभर जाणारी. "अर्धी आली आहे," म्हणाल्या. मग विचारलं, "ज्या तुरुंगातून सुटायचं म्हणून रडत होते, हेमंत, त्याचा दरवाजा उघडला तर मीच आत बसून राहिले. मला वेड लागलंय का?"

मी म्हटलं, विकत मागा ना डफ. त्यांनी अर्ज केला होता. उत्तर आलं की तो नग गेस्टहाउसच्या सामानात मोडतो, सुटा विकता येत नाही.

दोन हजार सालच्या मार्चमध्ये कारखाना बंद झाला. तीन दिवस आधी अधिकारी आले, यादी घेऊन फिरले. यादी आम्हीच केलेली. खाटा, गाद्या आणि डफ एका खोलीत टाकून दारावर लाखेचं सील लावलं. मालतीबाई त्या वेळी मस्टरच्या रांगेत होत्या. परत आल्या तर शेड रिकामी; काठी आणि कॅसेट तेवढी त्यांच्या टेबलाच्या खणात राहिली होती. शेवटच्या दिवशी लोक फोटो काढत होते, मिठाई वाटत होते. फाटकावरचे हणमंतराव सगळ्यांच्या पिशव्या तपासत होते, ओळखीच्यांच्याही, मान खाली घालून. मालतीबाईंच्या पिशवीत डबा, कॅसेट आणि काठी निघाली. काठी कशाची, असं त्यांनी विचारलं. मालतीबाई म्हणाल्या, "हातातली." हणमंतरावांनी ती परत पिशवीत ठेवली.

डफ खाटांसोबत कुठल्याशा भंगारवाल्याकडे गेला. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

दोन महिने त्या घरी होत्या. मग एका गुरुवारी बँकेत जाते असं सांगून बसने अंबरपेठेत गेल्या आणि विचारत विचारत येल्लय्यांचं घर शोधलं. डप्पू वाजवून बघितला. तो उभ्याने वाजवायचा, दोन्ही हातांत काठ्या. डावा हात आत घालायला जागाच नाही. येल्लय्यांनी पिठाच्या मोठ्या चाळणीचं लाकडी कडं घेतलं, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं, खिळे मारले. आठवड्याने ते वाळलं. दर गुरुवारी मालतीबाई त्यांच्या अंगणात दीड तास वाजवू लागल्या. येल्लय्यांच्या सुना आधी तोंडावर पदर घेऊन हसायच्या, नंतर चहा करायच्या.

हे सात महिने चाललं. जानेवारीत मालनबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. गुरुवार बंद झाले. येल्लय्यांनी तो डफ चिक्कडपल्लीला आणून दिला. मधुकररावांनी दारातच घेतला, काय आहे ते विचारलं नाही आणि कपाटावर ठेवून दिला. चार वर्षं तो तिथेच होता. मालनबाईंची खाट त्याच खोलीत होती. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मालतीबाईंनी एकटीने केलं. मालनबाई शेवटी शेवटी त्यांचा हात सोडत नसत.

मालनबाई गेल्यावर महिन्याभराने मी भेटायला गेलो. मालतीबाई पंचावन्नच्या झाल्या होत्या, सत्तरच्या दिसत होत्या. चहा झाल्यावर मी कपाटाकडे बघितलं. त्यांनी खुर्ची घेऊन डफ खाली काढला, धूळ पुसली. कातडं पार सैल पडलं होतं. स्वयंपाकघरात गॅसच्या मंद आचेवर लांबून धरून त्यांनी ते तापवलं, बोटाने वाजवून बघितलं, पुन्हा तापवलं. काठी मसाल्याच्या डब्यामागून निघाली.

मग त्या बसल्या आणि सहाची चाल सुरू केली. मनगट पुन्हा आखडलं होतं. वरचा ठोका एकदा लागला, दोनदा चुकला. बाहेरच्या खोलीत मधुकररावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मालतीबाई थांबल्या, दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता ठेवून देतील. त्यांनी धरलेला श्वास सोडला, काठी बोटांत सैल केली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागल्या.