फवारणीच्या पंपाने धुतलेला सेन्सर

राजापूर सोडून चढाला लागलो आणि आमची डिझेल गाडी दुसऱ्या गिअरलाही ओढेना. मागे आमची लेक, आठवा महिना, रक्तदाब चढलेला. तिच्या शेजारी आमची ही. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "संध्याकाळच्या आत रत्नागिरीला दाखल करा." जावई बोटीवर, ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, राहिलो मी. गाडी महिनाभर रेंगाळत होती आणि मी घरात ठणकावून सांगत होतो, "डिझेलच खराब येतं हल्ली."

मागून ट्रकने हॉर्न दिला. गाडी कडेला घेतली.

"बाबा, डोकं ठणकतंय."

हिने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

रत्नागिरीच्या मेकॅनिकला फोन लावला. आखातात बरीच वर्षं गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस.

"काळा धूर?"

"नाही. सपाटीला बरी चालते, चढावर मरते."

"एअर फिल्टरच्या पुढे नळीवर सेन्सर आहे, हवा मोजतो. त्याला हात लावलात?"

आता लपवून चालणार नव्हतं. "गेल्या आठवड्यात धुतला. आंब्याच्या फवारणीच्या पंपाने."

"काका, सेन्सर आहे तो, कलम नाही! आधीच झिजलेला असणार, तुम्ही उरलासुरला संपवलात."

"मला म्हणे डिझेल खराब," मागून हिचा आवाज.

"ऐका. गाडी बंद करून त्याचा प्लग काढा आणि चालवा, म्हणजे त्याचं चुकीचं माप न घेता ती ठरलेल्या अंदाजाने चालेल. ओढली तर दोष त्याचाच. समोर दिवा लागेल, लागू दे."

"आणि नाही ओढली तर?"

"तर वेळ काढू नका. येईल त्या एसटीला हात दाखवा."

बॉनेट उघडून प्लगची खिटी दाबली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा प्लग हातात आला. गाडी सुरू केली. पिवळा दिवा लागला. पहिला गिअर. दुसरा. तिसरा टाकला आणि गाडीने चढ धरला.

"ओढतेय काय?" फोन चालूच होता.

"ओढतेय," ही म्हणाली. "ठेवा आता, ह्यांना रस्त्याकडे बघू दे."

पाचच्या सुमारास लेक वॉर्डात होती. तासाभराने रक्तदाब खाली आला, तेव्हा ही बाहेर येऊन बाकावर माझ्याशेजारी बसली.

"नवीन सेन्सर त्या मेकॅनिकलाच बसवू द्या."

मी त्याचा नंबर लावला.