ग्रॅहमने न सांगितलेलं कारण

“फोन का उचलला नाहीस?” कॅलेबने विचारलं.

“जवळ नव्हता. घरी राहिला,” ग्रॅहम म्हणाला.

“घरी का राहिला?”

“हॉलमधल्या टेबलावर विसरलो.”

“का विसरलास?”

ग्रॅहमने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसचं कार पार्क होतं. पाहण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. “सबब काही नाही,” तो म्हणाला. “चूक माझी.”

“मी सबब मागत नाहीये. कारण मागतोय.”

ग्रॅहम पुन्हा कार पार्ककडे बघू लागला. आम्ही वीस-पंचवीस जण कार्पेटकडे बघत उभे होतो. उभेच, कारण त्या खोलीतल्या खुर्च्या कॅलेबने काढून टाकल्या होत्या. बसलं की माणूस पसरतो आणि पसरला की वेळ वाया जातो, असं त्याचं म्हणणं. खुर्च्या हलवायची ऑर्डर माझ्या सहीने गेली होती आणि मला तिचा अभिमानही होता. हल्ली गुडघे कुरकुरतात तेव्हा वाटतं, त्या खुर्च्यांचे शाप लागले असावेत.

मी तिथे एच.आर. मॅनेजर होते. माणसं कामावर घ्यायची, सांभाळायची आणि वेळ आली की गोड बोलून घरी पाठवायची, हा माझा धंदा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमची जुनी, निवांत, बिस्किटं खाणारी ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि कॅलेबला डायरेक्टर म्हणून पाठवलं. मॅसॅच्युसेट्सचा माणूस. उंच, हडकुळा, पंचेचाळिशीचा, बारा महिने त्याच दोन करड्या सुटांमध्ये. आल्याआल्या त्याने भिंतींवरची चित्रं उतरवली, शुक्रवारचा पबमधला लंच बंद केला आणि दर सोमवारी ‘ओन इट’ नावाची मीटिंग सुरू केली. ओन इट म्हणजे आपली चूक आपल्या पदरात घ्या. गेल्या आठवड्यात काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि त्याचं ‘रूट कॉज’, म्हणजे मूळ कारणही. मूळ हाती लागेपर्यंत समोरचा ‘का’ विचारत राहणार. ते सांगून टाकलं की टाळ्या, आणि विषय तिथे संपला.

ढोंगी मात्र नव्हता तो. पहिल्या सोमवारी सुरुवात स्वतःपासून केली. दारूपायी संसार मोडला, मुलगा अजून बोलत नाही, हे त्याने आम्हा परक्यांना ताठ उभं राहून सांगितलं. इंग्लिश मंडळींना कुठे बघावं कळेना. अकाउंट्समधल्या बाई स्वतःचे बूट असे निरखत होत्या, जणू ते दुकानातून आत्ताच आणलेत.

मी तेवढी भारावले. माझी आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ठरवून टाकलं की आईचं मॅनेजमेंट आता जुनं झालं. लंडनच्या पिनर भागातल्या घरी आरशासमोर उभी राहून मी कबुल्यांची प्रॅक्टिस करायचे. चूक अशी निवडायचे की ऐकणाऱ्याला तो गुणच वाटावा. ‘मी कामात इतकी बुडते की स्वतःकडे लक्ष देत नाही.’ भरपूर टाळ्या मिळायच्या. एका रविवारी मी घरच्यांनाही जेवणाच्या टेबलावर ओन इट करायला लावलं. यांनी, म्हणजे माझ्या डॉक्टर नवऱ्याने, आमटीत मीठ कमी पडल्याचं माझ्या वतीने कबूल केलं. इथेच जन्मलेली माझी मुलगी म्हणाली, “पण आई, मी काय चूक केला?” तिचं मराठी सुधारायचं सोडून मी तिला डिफेन्सिव्ह होऊ नकोस म्हटलं. हे ती आता माझ्या नातवंडांना रंगवून सांगते आणि सगळे मिळून मला हसतात. हसू देत. पन्नाशीच्या बाईने इतकं बावळट असू नये, पण होते.

हे सगळं येतं कुठून, ते कॅलेबनेच एकदा उभ्याउभ्या सँडविच खाताना सांगितलं होतं. त्याचे पूर्वज प्युरिटन. धर्माच्या बाबतीत फार कडक आणि साधे लोक. इंग्लंडच्या चर्चचा थाटमाट सोसेना म्हणून बोटीत बसून अमेरिकेला गेलेले. काम ही देवाने नेमून दिलेली गोष्ट. वेळ फुकट घालवणं हे पाप. कामधंद्यात यश आलं तर ती देवाची कृपा असल्याची खूण. आणि चर्चमध्ये सामील व्हायचं तर सगळ्या मंडळींसमोर उभं राहून आपल्या मनातलं खरं खरं सांगावं लागे. कॅलेबच्या आजोबांपर्यंत घरात हा बाणा टिकून होता.

“तुम्ही अजून चर्चला जाता?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “मी ऑफिसला येतो.”

तो विनोद करत नव्हता. जे लोक कधीकाळी इंग्लंडला वैतागून निघून गेले, ते मॅनेजमेंट होऊन परत आले होते, आणि त्यांच्या स्वागताला खुर्च्या हलवणारी मी.

आता ग्रॅहम. तो कस्टमर सपोर्टचा प्रमुख, साठीला टेकलेला. ग्राहकाची सिस्टिम बंद पडली की आधी साधा इंजिनियर बघतो, त्याला जमलं नाही तर त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. याला एस्कलेशन म्हणतात; तक्रार जिना चढत जाते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ग्रॅहमचा फोन. त्या मीटिंगआधीच्या गुरुवारी संध्याकाळी एका मोठ्या ग्राहकाची सिस्टिम पडली, तक्रार वरपर्यंत चढली आणि वर कोणीच नव्हतं. ग्राहक करार मोडायच्या गोष्टी करू लागला.

वर का कोणी नव्हतं, ते त्या खोलीत ग्रॅहमखेरीज फक्त मला माहीत होतं.

ग्रॅहमही पिनरचाच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. आम्ही आळीपाळीने गाडी काढायचो. कित्येक वर्षांच्या त्या प्रवासात ट्रॅफिक, पाऊस आणि त्याचे टोमॅटो यापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं, तरी तो मला सख्ख्या भावासारखा वाटायचा. आदल्या हिवाळ्यात एका सकाळी मी त्याला घ्यायला गेले, तर त्याची बायको जीन बाहेर आली. नाइटीवर ओव्हरकोट घातलेला. सरळ माझ्या शेजारी येऊन बसली आणि समुद्र अजून किती लांब आहे म्हणून विचारू लागली. ग्रॅहमने येऊन तिला हाताला धरून उतरवलं. “उद्या जाऊ, जीन,” म्हणाला. “आज भरती आहे.” शेजारीण तिच्याजवळ येऊन बसली तेव्हा आम्ही निघालो. मोटरवे लागेपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, “हे गाडीतच राहू दे, शैला.”

मी राहू दिलं.

त्या गुरुवारी शेजारीण घरी गेली आणि ग्रॅहम कोट काढतोय तेवढ्यात जीन मागच्या दाराने निघून गेली. तो तसाच हाका मारत धावला. फोन कुठला आठवतोय. सापडली तेव्हा ती पूर्वी जिथे शिकवायची त्या शाळेच्या बंद फाटकाशी उभी होती. मुलांना आत का घेत नाहीत म्हणून रडत होती. हे त्याने मला शुक्रवारी सकाळी गाडीत सांगितलं. दोन वाक्यांत, रस्त्यावरची नजर न काढता.

मीटिंगनंतर कॅलेबने मला थांबवलं. ग्रॅहमसाठी इम्प्रूव्हमेंट प्लॅन तयार कर म्हणाला. नाव सुधारणेचं, पण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं की ती दाराकडे नेणारी वाट आहे. मी म्हटलं, त्याच्याशी एकट्याने बोलून बघा. दार लावून.

“दार लावून मी एकाला सूट दिली की बाहेरच्यांच्या दृष्टीने तो पक्षपात,” कॅलेब म्हणाला. “त्याने उभं राहून एक वाक्य सांगावं. मी त्याला लागेल ते देईन. मला शिक्षा करायची नाहीये, शैला.”

आणि ते खरं होतं. आदल्या महिन्यात सेल्समधल्या एका बाईने कबूल केलं होतं की आदल्या रात्रीची उतरली नव्हती म्हणून मोठी ऑर्डर हातची गेली. कॅलेबने तिला ठेवलं, वर उपचारांसाठी रजाही दिली. इथे तर गुन्हा सोडाच, दुःख होतं. शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. पण ते माझे नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाडी माझी होती. मी ग्रॅहमला म्हटलं, एक वाक्य, ग्रॅहम. फक्त एक. तो माणूस वाईट नाही.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “दुकानात विचारतात, जीन कशी आहे. चर्चमध्ये विचारतात. पोस्टमनसुद्धा विचारतो. ऑफिसात कुणी विचारत नाही. तेवढेच तास मी नुसता ग्रॅहम असतो.”

“पण नोकरी जाईल.”

“सांगितलं तरी जाईल, शैला. फक्त माझं टेबल राहील.”

मी वाद घातला. आपण कुठल्या जमान्यात राहतो, मनात ठेवून माणूस आजारी पडतो, असलं सगळं ट्रेनिंगमध्ये शिकलेलं त्याच्या अंगावर ओतलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, पुढे लेन बंद दिसतेय, डावीकडे घे.

पुढच्या सोमवारी तो चांगला टाय लावून आला. सगळ्यांना वाटलं, आज बोलणार. मलाही वाटलं. मी तर मनातल्या मनात त्याच्या रजेचं गणितही मांडलं होतं.

“मी फोन उचलला नाही,” ग्रॅहम म्हणाला. “माझ्या टीममधल्या कुणाचा त्यात दोष नाही. मी राजीनामा देतोय.”

कॅलेबला खरोखरच ऐकायचं होतं. “आणि कारण?”

“कारण माझं आहे,” ग्रॅहम म्हणाला.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. मागून एकाने सुरू केल्या आणि मध्येच थांबवल्या.

नंतर सह्या केलेलं एक कार्ड झालं, गार्डन सेंटरचं व्हाउचर झालं. मी एकटी गाडी चालवत जाऊ लागले. पोचायला तेवढाच वेळ लागायचा, पण रस्ता लांबला होता. मी मुद्दाम त्याच्या गल्लीवरून जायचे. कधी तो जीनचा हात धरून फुटपाथवर दिसायचा. मला बघून हात वर करायचा, तीही करायची.

पुढच्या वसंतात जीन गेली. आमच्या भागातल्या पेपरात ग्रॅहमने दोन ओळी दिल्या. आता ती गोष्ट गाडीतली राहिली नव्हती, निदान मला तसं वाटलं. म्हणून मी कॅलेबला सगळं सांगितलं, शाळेच्या फाटकासकट. त्याने स्वतःच्या केबिनचं दार लावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लावताना पाहिलं मी त्याला.

अंत्यविधीला तो आला. बाहेर पडताना ग्रॅहमचा हात हातात घेऊन म्हणाला, मी तुला हवा तेवढा वेळ दिला असता.

“हो, ते माहीत होतं मला,” ग्रॅहम म्हणाला. “तुम्ही आलात, बरं वाटलं. ट्रॅफिक फार नव्हतं ना?”

कार पार्कमध्ये कॅलेबने मला विचारलं, “त्याने मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नसतं तर कदाचित सांगितलं असतं.”

त्याला ते कळलं नाही. मला तरी कुठे वेळेवर कळलं होतं.

पुढच्या सोमवारी कॅलेब नेहमीसारखा आमच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, आज माझ्या चुकीची पाळी आहे. आणि त्याने सगळं सांगितलं. जीनचा आजार, तो गुरुवार, शाळेचं बंद फाटक, आत न घेतलेली मुलं. एका चांगल्या माणसाला आपण काय म्हणून घालवलं, त्याचं मूळ कारण शोधत शोधत तो आपल्या गर्वापर्यंत गेला. आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खरं होतं. अकाउंट्समधल्या बाई रडल्या. जे सांगायला नको म्हणून ग्रॅहमने नोकरी सोडली, ते दहा मिनिटांत सगळ्या ऑफिसला तपशीलवार कळलं. मग टाळ्या झाल्या. आजवरच्या सगळ्यांत मोठ्या. सवयीने माझेही हात वर आले होते; ते मी पाठीमागे नेऊन घट्ट धरून ठेवले.

ऑफिसातली गोष्ट पिनरला पोचायला वेळ लागत नाही. शनिवारी ग्रॅहमचा फोन आला. आधी पावसाचं झालं. मग टोमॅटोची रोपं यंदा जास्त आलीत, हे झालं. मग म्हणाला, “ऐकलं, जीनला टाळ्या पडल्या.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बिचारी गोंधळून गेली असती,” तो म्हणाला. “उठून वाकून नमस्कार केला असता तिने.” आणि रोपं न्यायला कधी येतेस, ते विचारलं.

मी वर्षभरात ती नोकरी सोडली. कॅलेब पुढे बढती मिळून परत गेला. ओन इटची पद्धत इतर ऑफिसांतही सुरू झाल्याचं कानावर आलं. माणसं सांभाळायच्या धंद्यातून मी फार काही शिकून आले नाही. कुणी अवघड काही सांगायच्या बेतात दिसलं की का म्हणून विचारू नये, आणि सांगून झालं तर टाळ्या वाजवू नयेत. उठावं आणि चहा टाकावा.