एमलिन नदीखाली असताना

केटुरा प्रॉसर जन्माला आली ती पंपांच्या ठोक्यात, आणि पुढचं सगळं आयुष्यही त्याच ठोक्यात गेलं. आमचं सडब्रुक गावच मुळी सेव्हर्न नदीच्या काठी बोगद्यासाठी वसलेलं. ग्रेट वेस्टर्न कंपनीने नदीच्या पोटाखालून रेल्वे न्यायची ठरवली, आणि खणता खणता जमिनीतला मोठा झरा फुटला. माणसं जीव घेऊन पळाली. झरा काही बुजला नाही. तेव्हापासून इंजिनघरातले वाफेचे पंप रात्रंदिवस ते पाणी उपसत होते. उपसा थांबला तर बोगदा भरणार, एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

केटुराचा आजा त्या पळालेल्यांतला. म्हातारा शेकोटीपाशी बसून तिला सांगायचा, "आधी गार वारा येतो, पोरी. मग आवाज. आवाज आला की बूट शोधत बसायचं नाही." बाप इंजिनघरात भट्टीला कोळसा घालायचा. नवरा बोगद्याच्या टोळीत होता. तो छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा त्याची बत्ती आणि हातोडी एमलिनने उचलली. एकुलता एक पोरगा. बोगद्यात चालत जायचं, विटा ठोकून बघायच्या, कुठं पाझर सुटलाय का ते पाहायचं. खाली एमलिन आणि डोक्यावर अख्खी नदी.

केटुरा घाबरते असं कुणाला कधी दिसलं नाही. ठोका चालू आहे ना, मग झालं. फळीवरच्या बशा त्या ठोक्याने किणकिणायच्या. अंडं उकडायला घड्याळ कोण बघतो, ठोके मोजले की झालं. बाहेरगावचा पाहुणा सकाळी लाल डोळ्यांनी उठून विचारायचा, "या धडधडीत तुम्ही झोपता कसे?"

"कसली धडधड?" केटुरा म्हणायची.

मग विजेचे पंप आले. कंपनी सरकारात विरघळून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी आपली कंपनीच. नवे पंप गुणगुणायचे, तेही अगदी जवळ गेलं तर. शेवटचं वाफेचं इंजिन बंद करायचा दिवस ठरला. मोठे साहेब येणार, चहा, केक, भाषण.

"येतेस ना?" शेजारच्या ब्लॉडवेनने विचारलं. तिचा नवराही त्याच टोळीत.

"माझा पोरगा आज खाली आहे. मी काय नाचायला येऊ?"

"अगं, नवे पंप केव्हाचे चालू आहेत!"

"आहेत म्हणे. मला कुठं ऐकू येतात?"

एमलिन बत्ती घेऊन निघताना हसला. "आई, चहा पी आणि गप घरात बस. जेवायला येतोच."

ती बसली बटाटे सोलत. आणि ठोका थांबला.

सांगूनसवरून थांबला होता, तरी तिचा हात जागच्या जागी राहिला. बशा गप्प झाल्या. भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे हे तिला त्या दिवशी कळलं. आणि मग त्या शांततेच्या तळाशी तिला आणखी काहीतरी ऐकू आलं. खोल, घोंघावणारं, हळूहळू चढत येणारं. पाणी. चिक्कार पाणी. दारातून गार वारा आत शिरला.

तिने बूट शोधले नाहीत. सपाता घालून, हातात चाकू तसाच, ती रस्त्यावरून पळत सुटली.

इंजिनघराच्या अंगणात साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. केटुरा गर्दीत घुसली. "पाणी फुटलं! ऐका तरी! माझा पोरगा खाली आहे!"

कुणीतरी हसणार होतं, ते राहून गेलं. सगळं गाव कान देऊन ऐकू लागलं, आणि सगळ्या गावाला ते ऐकू आलं. ब्लॉडवेनच्या हातातला कप खाली पडला. "देवा, माझाही आत आहे," ती पुटपुटली.

इंजिनवाला पार्फिट टेलिफोनकडे धावला. बोगद्याच्या कोनाड्यात दुसरं टोक होतं. त्याने दांडा फिरवला. तिकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. पुन्हा फिरवला. केटुराने त्याची बाही घट्ट धरली होती.

साहेब बिचारा चाचरत म्हणाला, "ही... भरती आहे ना? नदीची?"

त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. भरती आम्ही जन्मभर डोळ्यांनी पाहिली होती. घराच्या दारातून ती कधी ऐकली नव्हती, पंपांनी ऐकूच दिली नव्हती.

"हॅलो?" तिकडून आवाज आला. केटुराने टेलिफोन हिसकावला.

"एमलिन! पाय कोरडे आहेत का तुझे?"

"आई? तू तिथं काय करतेस?"

"पाय!"

"कोरडे आहेत. सगळ्यांचे कोरडे आहेत."

"आत्ताच्या आत्ता वर ये."

"अर्धा बोगदा राहिलाय अजून. गाडीच्या ड्रायव्हरला काय सांगू, आई ओरडली म्हणून विटा तशाच सोडल्या?"

सगळे हसले, जरा जास्तच मोठ्याने. केटुरा हसली नाही. पार्फिटने हलकेच तिच्या हातातला चाकू काढून घेतला. नदीकाठी बांधलेल्या मोरीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तिथं बघा, मिसेस प्रॉसर. उपसलेलं पाणी नदीत पडतंय. ते पडतंय तोवर सगळं ठीक."

एमलिन जेवायला आला, बटाटे कच्चेच होते.

कानांचा भरवसा गेला तो गेलाच. एमलिन खाली उतरला की केटुरा शाल गुंडाळून मोरीपाशी जाऊन उभी राहायची. कुणी विचारलं तर हवा खायला आलेय म्हणायची. थंडीत, वाऱ्यात, नाक लाल करून हवा खायची.

एका सकाळी तिथं ब्लॉडवेन आधीच उभी.

"तू गं इकडे?"

"कुत्र्याला फिरवायला आले."

"तुझ्याकडे कुत्रा कुठं आहे?"

मोरीतून पाणी पडत होतं, ब्लॉडवेनचे डोळे त्यावरून हलत नव्हते. तिने विचारलं, "केटुरा, काल धार एवढीच होती का गं?"

केटुराने डोळे बारीक केले.

"थांब," ती म्हणाली. "बघू दे."