इर्माचं चोरटं लोणी

दूधवाल्याच्या पोरीनं तेलाचं लोणी चोरून आणावं, याला काय म्हणावं? अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात साठच्या दशकात याला 'इर्मा' म्हणत.

त्या विस्कॉन्सिन राज्यात गाईचा मान माणसापेक्षा काकणभर जास्तच, आणि कायदाही गाईच्याच बाजूचा. मार्गारीन, म्हणजे तेलाचं लोणी, विकायचं तर पांढरंफटक विका. गाईच्या लोण्यासारखं पिवळं केलंत की गुन्हा. मग काय, बायका गाडी काढून शेजारच्या इलिनॉय राज्यात शिरत आणि हद्दीवरच्या पहिल्याच दुकानातून पिवळ्या वड्यांची खोकी डिकीत भरून आणत. रविवारचं चर्च न चुकवणाऱ्या बायका हो! त्यांची सारथी इर्मा द्रोझ्द.

तिचा बाप आल्विन क्रेबेल म्हणजे गोठाभर गाईंचा धनी. शेजारचा जर्मन शेतकरी सोडून इर्मानं चामड्याच्या कारखान्यातल्या काझ द्रोझ्द या पोलिश पोराशी लग्न केलं, तेव्हा बापानं बोलणंच टाकलं. थोरला नातू झाला तेव्हा कुठे म्हातारा घरच्या लोण्याचा डबा घेऊन दारात उभा राहिला. डबा हीच त्याची माफी. तेव्हापासून ऑगस्टात शहरात भरणाऱ्या राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेला गाय घेऊन आला की रविवारी तो लेकीकडे जेवायचा, आणि डबा आणायचाच.

त्या वर्षी वसंतात काझला हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी लोणी बंद केलं. पांढरं मार्गारीन बघून काझ म्हणाला, "हे पावाला लावू की बुटांना?" इर्माच्या खेपा सुरू झाल्या त्या तेव्हापासून. बाप जत्रेला यायचा म्हणून वड्या गेल्या तळघरात, धुण्याच्या पावडरीमागे. कायद्याला न भिणारी बाई बापाला मात्र भ्यायची.

त्या रविवारी आल्विन आला तो कोटावर गाईची बक्षिसाची फीत लावूनच. टेबलावर उकडलेल्या कणसांची परात वाफाळत होती. त्यानं एक कणीस लोण्यात चांगलं घोळलं आणि जावयाच्या ताटात ठेवलं.

"खा रे काझ. कातडी कमावता कमावता स्वतःच वाळून चामडं झालायस."

काझनं भीड मोडवेना म्हणून कणीस उचललं.

"काझ, ठेव ते," इर्मा म्हणाली.

"अगं, एकच तर..."

"ठेव म्हणते ना!"

आल्विननं भुवया वर केल्या. "का? विष घातलंय मी त्यात?"

"त्याच्यासाठी विषच आहे, बाबा. झटका आल्यापासून डॉक्टरांनी लोणी बंद केलंय."

"डॉक्टर! माझा आजा लोण्यावर नव्वदी गाठून गेला."

"पणजोबा नांगरामागे चालायचे. याला जिना चढताना धाप लागते."

एवढं बोलून ती तळघरात उतरली, वडी घेऊन वर आली आणि बापाच्या डब्याला खेटून ठेवली. पिवळीधमक.

"हे कुठलं?"

"इलिनॉयचं. मीच आणते. शेजारणींनाही आणून देते. पोलिसांना बोलवायचं असेल तर फोन तिकडे आहे."

"आल्विन क्रेबेलच्या लेकीच्या टेबलावर इंजिनाचं ग्रीस!"

"काझ द्रोझ्दच्या बायकोच्या टेबलावर, बाबा."

म्हाताऱ्यानं टोपी घातली. दारापर्यंत गेलाही.

"पुन्हा बोलणं टाकायचं असेल तर टाका," इर्मा पाठीमागून म्हणाली. "मागच्या वेळी मी पुष्कळ रडले. आता मला तेवढा वेळ नाही. याला जगवायचंय."

तिनं ताज्या कणसाला ते पिवळं फासलं आणि काझपुढे ठेवलं. काझ मान खाली घालून खाऊ लागला.

मग खुर्ची सरकली. आल्विन टोपीसकट येऊन बसला होता. त्यानं एक कणीस घेतलं, वर नुसतं मीठ भुरभुरलं.

"कोरडंच खाताय?" काझनं भीत भीत विचारलं.

"डब्याला हात लावला तर ही बोलेल. वडीला लावला तर घरी गाई आचळाला हात लावू देणार नाहीत."

निघताना डबा त्यानं तिथेच ठेवला. "पोरांना काही झटका आलेला नाही," म्हणाला. अंगणात इर्माच्या गाडीपाशी थांबून त्यानं मागच्या टायरला बुटाची एक ठोकर दिली.

"गुळगुळीत झालाय. पुढच्या खेपेआधी बदल. आणि पकडली गेलीस तर माझं नाव सांगू नकोस."

"द्रोझ्दच सांगते, बाबा," इर्मा म्हणाली.